अंगठाबहाद्दर

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मी फक्त कागद आणायला गेले होते. आठवडा झाला, डोकं अजून तापलेलंच आहे.

फोटोंची सजवलेली पानं करायची तर कागद 250 ते 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा हवा. पातळ घेतला की फोटो आणि नक्षीच्या वजनानं पान पोक काढतं. म्हणून विचारलं, "ॲसिड फ्री आहे का?"

"फ्री काही मिळत नाही इथं," दुकानदार म्हणाला.

स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, आम्ल असतं. तो रद्दीसारखा पिवळा पडतो आणि सोबत फोटोलाही डागाळतो. हे मी समजावून सांगत होते, तेवढ्यात शेजारी दोन लाल चोपड्या काखेत धरून उभे असलेले काका वळले.

"कितवीत आहे मुलगा?"

"नोकरी करतो तो. हे माझं आहे."

"असं होय," काका म्हणाले. त्या दोन शब्दांत माझं वय, माझा रिकामा वेळ आणि माझ्या घरच्यांविषयीची सहानुभूती, सगळं आलं. "चिकटवणार कशानं?"

"दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं."

"छे छे. खळ! तांदळाची खळ. आमच्या ताईच्या लग्नाचे फोटो 1968 साली मी स्वतः खळीनं लावलेत. आजतागायत एक निघालेला नाही."

"छान दिसत असतील."

"दिसतायत कुठले? कसरीनं खाल्ले. पण निघाले नाहीत, असं म्हणतोय मी."

पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, ते कीड लागू नये म्हणून. काकांनी बहुधा काटकसर केली असावी. आणि खळ काय, पांढरा गम काय, दोन्हींत पाणी. कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पानाला पापडासारख्या लाटा येतात. जुन्या फोटोला तर टेपही नको, कोपरे करावेत. दोन सेंटिमीटर रुंद, चार लांब पट्टी घ्यायची, दोन्ही टोकं मधोमध खाली दुमडायची, झाला त्रिकोण. जोड मागे ठेवून पानाला चिकटवायचा आणि फोटोचं टोक आत सरकवायचं. फोटोला गमाचा थेंब लागत नाही, हवा तेव्हा काढता येतो. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे निघणारच की!"

आता खरी आगळीक. मागच्या कागदाचा रंग जुळवायला मी आत्याच्या डोहाळजेवणाचा 1974 चा कृष्णधवल फोटो नेला होता. "बघू," म्हणत काकांनी अंगठा जिभेला लावला, नोटा मोजाव्यात तसा, आणि नेमका आत्याच्या गालावर टेकवला. त्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की फुगतो, वाळला तरी ठसा राहतो. पुसायला जावं तर चमकच जाते.

"चांगला आलाय फोटो," काका म्हणाले आणि चोपड्यांचे पैसे देऊन निघून गेले.

तोवर दुकानदारानं माझे तीन कार्डशीट करकचून गुंडाळून रबर लावलं होतं. 300 जीएसएमचा कागद! सपाट द्या म्हटलं तर म्हणे, "घरी गेल्यावर सरळ होतो." होतो, गादीखाली दोन दिवस ठेवल्यावर. जिथं रबर बसलं होतं तिथली घडी मात्र जात नाही. पैसे पुरे घेतात, कागद मात्र पडवळासारखा देतात, आणि बोललं की आपणच किरकिरे.

बाकी हिशेब असा: 22 बाय 28 इंचाच्या शीटमधून 12 इंची चौरस पानं दोनच निघतात, 11 इंची केली तर चार. बाजारातले बरेच तयार अल्बम 12चे असतात म्हणून निम्मा कागद वाया घालवण्यात अर्थ नाही. कटर एका दमात दाबू नये. स्टीलच्या पट्टीला लावून हलक्या हातानं तीनदा फिरवला की कड फाटत नाही. फोटोमागचा रंगीत कागद चारी बाजूंनी तीन मिलिमीटर दिसला तर बास, जास्त दिसला की लग्नपत्रिका होते.

मूळ फोटो कधी चिकटवू नये, प्रत लावावी. म्हणून आत्याचा फोटो 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून स्कॅन केला. फारच स्वच्छ आला. अंगठ्याच्या रेषा मोजता येतात. पानावर न पसरणाऱ्या शाईनं लिहिलं, 'आत्याचं डोहाळजेवण, 1974', आणि खाली बारीक अक्षरात, 'ठसा : एक काका, अप्पा बळवंत चौक'.