नाम ओळखता येतं, तरी क्रियापद का चुकतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, इंग्रजीत क्रियापद कोणत्या नामाशी जुळवायचं, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप दोन. एक, खेड्यातल्या पोरांकडून नामाचे पाच प्रकार (विशेष, सामान्य, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक) पक्के करून घ्यावेत, नामपदबंध, म्हणजे नाम आणि त्याला जोडून येणाऱ्या शब्दांचा अख्खा गट, आणि त्यातलं मुख्य नाम, म्हणजे तो गट ज्याच्याविषयी आहे ते नाम, हे ओझं त्यांना कशाला? दुसरा, 'क्रियापद मुख्य नामाप्रमाणे चालतं' हा नियम 'अ लॉट ऑफ फार्मर्स आर' इथं मोडतो.

दुसरा आक्षेप मान्य. 'अ लॉट ऑफ', 'अ नंबर ऑफ' यांचा अर्थ 'पुष्कळ', 'काही' एवढाच, म्हणून क्रियापद पुढच्या नामाकडे बघतं: 'अ लॉट ऑफ फार्मर्स आर', पण 'अ लॉट ऑफ कॉटन इज'. 'अ'च्या जागी 'द' आला की 'नंबर' स्वतःच मुख्य होतो: 'द नंबर ऑफ फार्मर्स इज'. हे मी लिहायलाच हवं होतं.

पहिला मात्र पटत नाही. 'आयडिया' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही भाववाचक. 'ॲन आयडिया' चालतं, 'ॲन ॲडव्हाइस' चालत नाही, 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावं लागतं. प्रकार ओळखून इथं काय हाती लागलं? मोजता येणारं की न येणारं, हे कळायला हवं. मराठीत आपण 'दोन सल्ले' सहज म्हणतो, म्हणून पोरं 'टू ॲडव्हाइसेस' लिहितात.

आता पदबंधाचं. 'कापसाच्या गाठींचा भाव उतरला.' मराठीत 'भाव' शेवटी, क्रियापदाला अगदी खेटून. इंग्रजीत 'द प्राइस ऑफ कॉटन बेल्स हॅज फॉलन': 'प्राइस' पुढं निघून जातो आणि क्रियापदाशेजारी 'बेल्स' येतं. पोरगं ते शेजारचं अनेकवचन बघून 'हॅव' लिहितं. 'एकवचनाला हॅज' हा नियम त्याला तोंडपाठ असतो. एकवचन कोणाचं बघायचं, तिथं तो फसतो.

आणि खेड्यातल्या पोरांना हे जड जातं असं मला वाटत नाही. 'धुऱ्यावरच्या झाडाखाली बांधलेली पांढरी गाय' हे तिसरीतलं पोरगंही बोलतं (धुरा म्हणजे शेताचा बांध). तेच फळ्यावर लिहा. शेवटचं नाम 'गाय', त्याखाली रेघ मारा. इंग्रजीत ते आधी आणायचं आणि मग उलटं चालायचं: गाय, बांधलेली, झाड, धुरा. 'द व्हाइट काऊ टाइड अंडर द ट्री ऑन द बंड'. 'व्हाइट' एकटं आहे, म्हणून 'काऊ'च्या आधीच राहतं. 'टाइड'मागं 'अंडर द ट्री' हे शेपूट आहे, म्हणून ते नंतर जातं. बहुतेक पोरं इथंच अडखळतात आणि 'द टाइड व्हाइट काऊ अंडर' करून बसतात.

मग पुढं 'इज थर्स्टी' जोडा आणि अख्ख्या गटाच्या जागी 'इट' ठेवायला सांगा: 'इट इज थर्स्टी'. कोणी 'इट टाइड अंडर द ट्री इज थर्स्टी' लिहिलं, तर त्यानं पदबंध अर्धाच पकडला, हे तिथल्या तिथं दिसतं.

'नामपदबंध' शब्द अवघड वाटत असेल तर वर्गात 'नामाचा गट' म्हणा, माझी काही हरकत नाही. पाच प्रकार परीक्षेत येतात, तेही शिकवा, फक्त सगळा तास त्यातच घालवू नका. 'अ लॉट ऑफ'चा अपवाद मूळ लेखात आजच घालतो.