लुकाकूच्या पायात बॉल मारायचा आणि मग त्यालाच शिव्या घालायच्या

बेल्जियमचा स्ट्रायकर रोमेलू लुकाकूचा विषय निघाला की आपल्या फुटबॉल ग्रुपांवर तीन गोष्टी ठरलेल्या असतात. फर्स्ट टच (आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं) खराब, मोठ्या मॅचमध्ये चान्स घालवतो, इंग्लंडच्या चेल्सी क्लबचे पैसे बुडवले. तिन्हींत तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण याच माणसाचे बेल्जियमसाठी ८५ च्या वर गोल आहेत. इंटर आणि नापोली अशा दोन क्लबांना त्याने इटलीचं अजिंक्यपद मिळवून द्यायला मदत केली आहे. सोळाव्या वर्षी बेल्जियममध्ये मोठ्यांच्या लीगमध्ये उतरून तो पहिल्याच पूर्ण मोसमात टॉप स्कोअरर झाला. या दोन चित्रांचा मेळ बसत नाही, आणि तो बसवायची तसदी फारसं कुणी घेत नाही.

माझं मत असं की लुकाकूला त्याच्या शरीराने फसवलं. उंची ६ फूट ३ इंच, अंगापिंडाने भक्कम. असा फॉरवर्ड दिसला की कोच, समालोचक, प्रेक्षक सगळे एकच गृहीत धरतात: हा टार्गेट मॅन, मागून लांब बॉल टाका, हा छातीवर घेईल, डोक्याने मारेल. लुकाकू मुळात तसा खेळाडू नाही. तो पळणारा फॉरवर्ड आहे. त्याचे उत्तम गोल आठवून बघा, बहुतेकांत त्याचं तोंड गोलकडे असतं, पुढे पंधरा-वीस यार्ड मोकळी जागा असते आणि बॉल डाव्या पायावर असतो.

त्याची आवडती जागा मैदानाच्या मधोमध नाही, थोडी उजवीकडे आहे. समोरच्या संघाचा डावा सेंटर बॅक आणि लेफ्ट बॅक यांच्यामधली फट. तिथून धाव सुरू केली की आत वळताना बॉल आपोआप डाव्या पायावर येतो. डिफेन्डर आतली बाजू अडवायला गेला तर बाहेरची वाट मोकळी होते. उजव्या पायानेही तो बरा मारतो, त्यामुळे तीही वाट पूर्ण सोडून देता येत नाही. पाठीवर डिफेन्डर असेल तेव्हा तो आधी हाताने आणि पाठीने त्याचा अंदाज घेतो आणि त्याच्याच वजनाचा टेकू घेऊन वळतो. म्हणून अनुभवी डिफेन्डर त्याला चिकटत नाहीत. एक यार्ड मागे राहतात, अंगाला अंग लागू देत नाहीत, आणि बॉल त्याच्या पायाला लागून जरा लांब गेला की झडप घालतात. फर्स्ट टचचे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक याच प्रसंगातले. टेकायला पाठीमागे कुणी नाही, जवळ पास द्यायला सहकारी नाही, आणि बॉल वेगात पायात आलेला. तिथे तो खरंच कच्चा आहे. पण त्याला तिथे उभं कुणी केलं, हेही विचारायला हवं.

एव्हर्टनचा तेव्हाचा कोच रॉबर्तो मार्टिनेझला हे फार लवकर कळलं होतं. ६ एप्रिल २०१४, गुडिसन पार्क, एव्हर्टन विरुद्ध आर्सेनल. मार्टिनेझने लुकाकूला उजव्या बाजूला ढकललं आणि मध्ये स्टीवन नेस्मिथला ठेवलं. आर्सेनलचे सेंटर बॅक कुणाला धरायचं या विचारात राहिले, लुकाकूने उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने गोल केला, एव्हर्टन ३-० जिंकलं. चार वर्षांनी, ६ जुलै २०१८ ला कझानमध्ये वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलसमोर, आता बेल्जियमचा कोच म्हणून, मार्टिनेझने हाच डाव पुन्हा मांडला. लुकाकू उजवीकडे, हॅझार्ड डावीकडे, मध्ये डी ब्रुयना. मार्सेलो पुढे जातो आणि त्याच्या मागे मैदान मोकळं पडतं, तिथे लुकाकू. ३१ व्या मिनिटाला ब्राझीलच्या कॉर्नरनंतर बॉल त्याला स्वतःच्या अर्ध्यात मिळाला. तो फर्नांडिन्योला चकवून वळला, मैदान कापत गेला आणि योग्य क्षणी डी ब्रुयनाला पास दिला. २-०. गोल डी ब्रुयनाचा, पण अर्धं काम आधीच झालेलं होतं. या मॅचमध्ये लुकाकूच्या नावावर गोल नाही, तरी माझ्या लेखी बेल्जियमसाठी तो याहून चांगला क्वचितच खेळला असेल.

त्याच्या चार दिवस आधीची जपानची मॅच तर आपल्याकडे अनेकांनी जागून पाहिली. रात्री साडेअकराला सुरू झाली होती, संपेपर्यंत सव्वा वाजून गेला. ०-२ वरून २-२, आणि इंजुरी टाइममध्ये जपानच्या होंडाचा कॉर्नर बेल्जियमचा गोलकीपर कुर्त्वाने पकडला. पुढच्या दहाएक सेकंदांत काय झालं ते हळू करून बघा, फक्त बॉलकडे न बघता. कुर्त्वाने बॉल डी ब्रुयनाकडे सरकवला, तो मधून घेऊन निघाला. लुकाकू उजवीकडे होता. तो सरळ कडेने पळाला असता तर नागातोमो त्याच्याबरोबर कडेलाच राहिला असता. लुकाकू तिरपा आत घुसला, नागातोमोला आत खेचलं, आणि उजवी कड मुनिएसाठी सताड उघडी झाली. मुनिएने बॉल जमिनीलगत आत टाकला. आता लुकाकूसमोर हासेबे. इथे कुठलाही स्ट्रायकर पाय लावतो. लुकाकूने बॉल सोडून दिला, कारण मागून शादली येत होता. ९४ वं मिनिट, ३-२. बॉलला एकदाही न शिवता त्याने जपानचे दोन खेळाडू बाद केले. एवढं डोकं चालवणाऱ्या खेळाडूचं वर्णन करताना समालोचक मात्र ‘ताकद’ या एका शब्दावर अडकून बसतात. हे त्याच्या वर्णापासून अगदी वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये इंटरकडून खेळताना युव्हेंटसविरुद्धच्या कोपा इटालियाच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शेरेबाजी झाली. पेनल्टी मारून त्याने ओठांवर बोट ठेवलं, तर दुसरं पिवळं कार्ड त्यालाच मिळालं. पुढे इटालियन महासंघाच्या अध्यक्षांना त्याची बंदी रद्द करावी लागली. असो.

क्लब पातळीवर त्याला नीट वापरलं ते इंटरचा कोच आंतोनियो कोन्तेने. २०१९ मध्ये इंटरने त्याला मँचेस्टर युनायटेडकडून घेतलं. युनायटेडमधला त्याचा शेवटचा मोसम शरीराच्या बाबतीत चुकलेलाच होता. २०१८ च्या वर्ल्ड कपसाठी त्याने स्नायू वाढवले होते, क्लबला परतल्यावर तेच वजन इंग्लिश फुटबॉलच्या वेगात अंगावर येऊ लागलं, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे. इंटरमध्ये आहार बदलला, वजन उतरलं, पहिल्या पाच यार्डांतला वेग परत आला. पण खरा फरक रचनेचा होता. ३-५-२, म्हणजे मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोघे, आणि शेजारी दुसरा फॉरवर्ड लाउतारो मार्टिनेझ. कोन्तेने त्याच्याकडून पाठमोऱ्या खेळाची घोटून तयारी करून घेतली, पण एका अटीवर: पायात बॉल आला की दहा यार्डांच्या आत लाउतारो हवा. मग लुकाकूला बॉल ताब्यात ठेवायची गरज नाही, एका टचमध्ये बाजूला सारायचा आणि वळून पळायचं. बाहेरून हकिमी, मागून बारेल्ला. समोरच्या सेंटर बॅकला लुकाकूला धरावं तर लाउतारो सुटतो, लाउतारोकडे जावं तर लुकाकू वळतो.

२१ फेब्रुवारी २०२१ ची मिलान डर्बी यासाठी पुन्हा बघण्यासारखी आहे. पाचव्या मिनिटाला लुकाकूने उजवीकडून बॉल टाकला, लाउतारोचा हेडर, १-०. दुसऱ्या हाफमध्ये तो बॉल घेऊन एकटाच पळत गेला आणि डाव्या पायाने डोन्नारुम्माला हरवलं. ३-०. त्या मोसमात लीगमध्ये त्याचे २४ गोल झाले, इंटरने ९१ गुणांसह ११ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं आणि युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची मालिका तुटली.

आणि इथेच चेल्सीचा घोळ. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी पावणेदहा कोटी पौंड मोजले आणि जोडीतला फक्त एक खेळाडू आणला. चेल्सीचा तेव्हाचा कोच तूखेलची रचना ३-४-२-१, पुढे एकटा लुकाकू, मागे दोन खेळाडू ज्यांना बॉल पायातच हवा असतो. प्रीमियर लीगमध्ये चेल्सीसमोर निम्मे संघ स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपुढे नऊ-दहा जण रचून बसतात, म्हणजे पळायला जागाच नाही. कडेने बॉल पुरवणारे चिलवेल आणि रीस जेम्स डिसेंबर संपेपर्यंत दोघेही जायबंदी. १९ फेब्रुवारी २०२२ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण ९० मिनिटांत लुकाकूचा बॉलला स्पर्श झाला ७ वेळा, त्यातला एक तर किक-ऑफचा. २००३-०४ पासून ही मोजदाद ठेवली जाते, तेव्हापासून पूर्ण सामना खेळलेल्या कुणाचाही हा नीचांक. मीमचा पूर आला. पण सात वेळा बॉल मिळालेल्या स्ट्रायकरइतकाच बॉल न पोचवणाऱ्या संघाचाही तो आकडा आहे.

त्याची बाजू घेतोय म्हणून त्याचं सगळं झाकणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्लबला न विचारता इटालियन वाहिनीला मुलाखत देऊन ‘मला इंटरला परतायचंय’ या अर्थाचं बोलणं हा शुद्ध गाढवपणा होता. मोसम अर्धा झालेला, संघ त्याच्याभोवती अजून जुळवला जातोय, आणि हा असं बोलतो. लिव्हरपूलविरुद्ध त्याला बाहेर बसवलं ते बरोबरच केलं. लीगमध्ये शेवटी गोल किती, तर ८.

आता मोठ्या मॅचचा मुद्दा. ऑगस्ट २०२० च्या युरोपा लीग फायनलमध्ये इंटरकडून सेव्हियाविरुद्ध त्याने पाचव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, पण २-२ असताना समोर एकटा गोलकीपर बुनू असूनही चान्स घालवला, आणि वर दिएगो कार्लोसची ओव्हरहेड किक याच्याच पायाला लागून स्वतःच्या जाळ्यात गेली. १० जून २०२३ ला इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये, पुन्हा इंटरकडूनच, सहकारी दिमार्कोचा हेडर याच्या अंगाला लागून अडला, आणि शेवटी शेवटी याचा स्वतःचा हेडर गोलकीपर एडरसनच्या थेट अंगावर. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये कतारला क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये उतरून एवढे चान्स घालवले की बेल्जियम गटातच गारद झालं. यादी मोठी आहे, मान्य. तिच्यात एक गोष्ट मात्र दिसते. कतारला तो मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीतून उठून आला होता, ऑगस्टपासून जेमतेम खेळलेला. इस्तंबूललाही तो बदली म्हणून उतरला. हे चान्स बहुतेक गोलच्या चार-सहा यार्डांतले, गर्दीतले, शरीर आयत्या वेळी जुळवून घ्यायचे. धावत येऊन मारायचे नव्हेत. त्याची ती बाजू आधीपासूनच लंगडी, त्यात दुखापतीने टायमिंग गेलेलं. उलट २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध बदली म्हणून एक्स्ट्रा टाइममध्ये ताज्या पायांनी आला, डी ब्रुयनाला गोलचा पास दिला, दुसरा स्वतः मारला. तीही नॉकआउटच होती.

युरो २०२४ च्या पात्रता फेरीत त्याने १४ गोल केले, एका पात्रता फेरीतला हा विक्रम. ‘अझरबैजानसारख्यांना मारले’ हा टोमणा रास्त आहे, त्या एका मॅचमध्ये चार होते. पण प्रत्यक्ष स्पर्धेत त्याचे तीन गोल व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) रद्द केले. स्लोव्हाकियाविरुद्ध एक ऑफसाइड, एक सहकारी ओपेंडाच्या हाताला बॉल लागल्याने. रोमानियाविरुद्ध पुन्हा ऑफसाइड, तोही अगदी केसाच्या अंतराने. डिफेन्डरच्या खांद्यावरून पळणाऱ्या फॉरवर्डला ही किंमत मोजावीच लागते. गोलसमोर ठाण मांडून बसणारा इतका ऑफसाइड होत नाही.

२०२४ मध्ये कोन्ते नापोलीला गेला आणि त्याने पुन्हा लुकाकूच मागवला. तोवर वय ३१, जुना वेग थोडा ओसरलेला. या वेळी लाउतारो नव्हता, जानेवारीत क्वारात्सखेलियाही गेला. कोन्तेने जोडीदार मिडफिल्डमधून काढला: स्कॉट मॅकटॉमिने. लुकाकूने सेंटर बॅक अडकवून ठेवायचे, मॅकटॉमिनेने मागून धावत बॉक्समध्ये शिरायचं. मॅकटॉमिनेचे लीगमध्ये १२ गोल झाले, लुकाकूचे १४ आणि वर १० असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास. ते १० असिस्ट जास्त बोलके आहेत. इंटरला एका गुणाने मागे टाकून नापोली ८२ गुणांवर अजिंक्य ठरलं. शेवटच्या दिवशी कालियारीविरुद्धचा दुसरा गोल लुकाकूचा: लांबून आलेला बॉल, दोन डिफेन्डर अंगावर, त्यांना रेटून गोलकीपरलाही चुकवून आत.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्धच्या सराव सामन्यात त्याची मांडी गेली, आणि नापोलीला घाईने होइलुंडला लोनवर आणावं लागलं. याच उन्हाळ्यात डी ब्रुयना नापोलीला आला होता. बेल्जियमची ही जोडी क्लबमध्ये एकत्र बघायला मिळेल असं वाटत असतानाच लुकाकू बाहेर, आणि ऑक्टोबरमध्ये इंटरविरुद्ध पेनल्टी मारताना डी ब्रुयनाही मांडी धरून बाहेर. मांडीचा पुढचा स्नायू हा धाव सुरू करण्याचा आणि बॉल मारण्याचा स्नायू. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो फाटला की पहिल्या पाच यार्डांतला झपाटा पूर्ण परत येणं अवघड असतं. पाठीवर डिफेन्डर घेऊन उभं राहणं मात्र तो अजून तीन वर्षं सहज करू शकेल. म्हणजे लोक त्याला सोळाव्या वर्षापासून जो टार्गेट मॅन समजत आलेत, तो व्हायची वेळ त्याच्यावर आत्ता कुठे आली आहे.