कंटेनर वावरात पुरायच्या आधी

आपल्या भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. "जुना वीस फुटी कंटेनर घ्या, जेसीबीनं खड्डा करा, आत सोडून वर दोन फूट माती लोटा. जहाजावर एकावर एक सात-आठ कंटेनर राहतात, त्याला मातीचं काय ओझं? इंग्लंडमध्ये महायुद्धात लोकांनी हेच केलं. पन्नास वर्षं गंजत नाही. उन्हाळ्यात थंड, विजेचं भय नाही, युद्ध झालं तर बंकर तयार." माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तिघे जण हा मेसेज दाखवून दर विचारून गेले. मी हे काम घेत नाही. का, ते सांगतो.

जहाजावर वरच्या कंटेनरांचं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवरून खाली उतरतं. छताचा पत्रा असतो जेमतेम दोन मिलिमीटरचा, माणसाला वर चढून काम करता यावं एवढ्यापुरता. २० बाय ८ फुटांवर दोन फूट ओली माती म्हणजे साधारण १६ टन, आणि तो भार येतो थेट त्या पत्र्यावर. बाजूच्या भिंतींचं तर विचारूच नका, कारण आपली जमीन काळी. वैशाखात जिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, तीच मृगाच्या पावसात फुगते आणि पक्क्या घरांच्या भिंतींना तिरपे तडे पाडते. पत्रा दर पावसाळ्यात थोडाथोडा आत येणार. चौकट वाकली की दार अडकणार. त्या दाराच्या दांड्या तर मुळातच बाहेरून असतात.

इंग्लंडचा दाखला अर्धवट आहे. १९३९ पासून तिथे वाटलेले अँडरसन निवारे कमानीसारख्या वाकवलेल्या नालीदार पत्र्याचे होते, जेमतेम सहा माणसांचे. कमान भार पेलते, सपाट छत वाकतं. आणि त्यांतही पाणी साचायचं, ही तिथल्या लोकांची मोठी तक्रार होती.

पाण्याचं आपल्याकडेही तेच. पेट्रोल पंपाच्या टाक्या जमिनीत काँक्रीटला जखडून ठेवतात, कारण भोवती पाणी चढलं की रिकामी टाकी वर उचलली जाते. वीस फुटी कंटेनर पूर्ण पाण्यात आला तर त्याला वर ढकलणारा जोर ३८ टनांच्या आसपास. त्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टन.

गंजाचं म्हणाल, तर कंटेनरचं पोलाद उघड्यावर टिकतं, कारण ओलं-कोरडं होत वर घट्ट थर धरतो. कायम ओल्या मातीत तो थर धरत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारं. तिथल्या एका वावरातून काढलेला जुना पाइप माझ्याकडे आला होता. वरून धड दिसत होता, हातोडीची टोची लावली आणि ती आरपार गेली.

पण माझी खरी धास्ती हवेची आहे. आमच्या वाड्यात पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. ज्वारी काढायची असली की आजोबा आधी तोंड उघडून ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. ज्योत बारीक होत विझली, तर कुणालाच उतरू देत नसत. आज तेच पेव लोखंडाचं करून आपण त्यात लेकरं झोपवायला निघालो आहोत. बंद कंटेनरात ३३ घनमीटर हवा असते. पाच माणसं आठ तास झोपली, तर कार्बन डायऑक्साइड दीड-दोन टक्क्यांच्या घरात जातो, बाहेरच्या हवेच्या चाळीसेक पट. डोकं दुखायला लागतं, धाप लागते. शिवाय गंजणारं लोखंड स्वतःच प्राणवायू खातं, म्हणजे महिनोन्‌महिने बंद ठेवलेला रिकामा कंटेनरही धोक्याचाच. आत चूल किंवा जनरेटर लावला, तर जीव जायला वेळ लागत नाही.

थंडाव्याची गोष्ट खरी आहे, पण ती आठ-दहा फूट खोलीवरची. दोन फूट मातीखालचा पत्रा वैशाखात तापतो, पावसाळ्यात आतून घामेजतो. विजेपासून धातूची बंद पेटी वाचवते, हेही खरं. पण त्यासाठी पक्कं घर पुरतं, बंद छताची गाडीही चालते. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा आणि ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका.

तळघर हवंच असेल, तर इंजिनिअरकडून आरसीसीचं डिझाइन करून घ्या. बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवा, हवेचे दोन पाइप ठेवा, एक तळाशी आणि एक छताशी.

आणि ज्यांनी कंटेनर आधीच पुरला आहे, त्यांनी छतावरची माती आजच उतरवा. ती उतरवताना आत कुणी असू नये, वर जेसीबी चढवू नये. आतलं सामान काढायचं असेल, तर दार उघडून ब्लोअरनं तासभर हवा मारा, आणि तरीही एकट्यानं उतरू नका. आतला माणूस कोसळला, तर त्याच्यामागे धावत आत जाऊ नका. आधी ब्लोअरनं आत हवा मारा, मदत बोलवा.