लक्ष्मीभुवन चौकातला वाद : छंदाची नोंद मोबाइलमध्ये ठेवावी का?

"छंदाला हिशेब लागला की छंद संपला," मास्तर म्हणाले आणि रविवारची सकाळ त्या एका वाक्यात गेली.

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकात आमचा कट्टा भरतो. तर्री-पोहे संपतात, चहाची पहिली फेरी होते आणि मग कोणीतरी काहीतरी बोलतंच. त्या दिवशी निमित्त झालं पोट्ट्याचा मोबाइल. पोट्टा म्हणजे आमच्यातला सगळ्यात लहान, इंजिनिअरिंगला आहे. वाचलेली पुस्तकं गुडरीड्स नावाच्या ॲपमध्ये, पाहिलेले सिनेमे लेटरबॉक्सडमध्ये, सायकलच्या फेऱ्या तिसऱ्यात. तो मास्तरांना कौतुकानं वर्षाचा आढावा दाखवत होता : इतकी पुस्तकं, इतकी पानं, आवडीप्रमाणे दिलेले इतके तारे.

"डिसेंबरमधली पुस्तकं एवढी बारीक का रे?" मास्तरांनी विचारलं. चाळीस वर्षं वर्गात उभे राहिलेत, उत्तरपत्रिका कुठे पोकळ आहे ते त्यांना लांबूनच कळतं.

पोट्ट्यानं खरं सांगितलं. जानेवारीत ॲपमध्ये वर्षाचं लक्ष्य टाकलं होतं, ते पुरं व्हायला थोडंच उरलं, म्हणून शेवटी पातळ पुस्तकं निवडली. "पण वाचली ना मास्तर! काहून चिडून राहिले तुम्ही?"

"चिडत नाही. पण जाडजूड कादंबरी तू पुढे ढकललीस की नाही? आकड्यानं तुझं पुस्तक निवडलं, तू नाही."

मला मास्तरांचं हे म्हणणं अर्धं पटलं. लक्ष्य असलं की हात आपोआप सोप्या गोष्टीकडे जातो, हे खरंच आहे. पण नोंद आणि लक्ष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मास्तर त्या एकाच टोपलीत टाकत होते. लक्ष्याची खिडकी बंद करूनही यादी ठेवता येते. मी तसं म्हणालो, तर इतवारीचे भाऊ मध्ये पडले.

भाऊंना नाण्यांचा नाद. दुकान सांभाळून तीस वर्षं जमवतायत. "मास्तर, तुम्हाले नोंद नको असंल, मले तर तिच्याबिगर एक दिवस चालत नाही," ते म्हणाले. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून पोट्ट्याच्या तळहातावर ठेवलं. "सालाच्या खाली पाह्य. काय दिसते?"

"बारीक ठिपका."

"म्हणजे नोएडाची टांकसाळ. पत्त्यातल्यासारखी चौकट असली तर मुंबई, पाच टोकांची चांदणी असली तर हैदराबाद, अन् काहीच खूण नसली तर कोलकाता. म्हणजे एकाच सालचा एकच रुपया माझ्यासाठी चार वेगवेगळी नाणी हायेत. आता सांग, हे सगळं डोक्यात राहते का? सराफ्यात उभं राहून एखादं नाणं उचललं, तर ते घरी हाये का नाही, हे तिथंच कळलं पाहिजे."

यासाठी भाऊ न्युमिस्टा वापरतात. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून रचलेली नाण्यांची ती सूची आहे. त्यात आपल्याकडे असलेल्या नाण्यापुढे खूण करायची, दुबार असलेली अदलाबदलीसाठी वेगळी दाखवायची. कोण्या देशातला माणूस कोणतं नाणं शोधतो आहे तेही कळतं. इथपर्यंत त्यांना ॲपशिवाय आणि इंटरनेटशिवाय जमणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मग त्यांनी दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगितली. नाण्याचा फोटो काढला की ओळख आणि किंमत दोन्ही सांगणारी ॲप आता पुष्कळ आलीत. ओळख कधी बरोबर येते, पण किमतीवर भाऊंचा काडीचा विश्वास नाही. नाण्याची किंमत त्याच्या झिजेवर ठरते. कोणी चिंच लावून घासून चमकवलंय का, यावरही ठरते, कारण घासलेल्या नाण्याला जाणकार कमी भाव देतो. हे फोटोत धड दिसत नाही. वर अफवा आहेतच. २०१२ साली वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली, ती लाखांना विकली जातात म्हणून मोबाइलवर मेसेज फिरत असतात. जुन्या नोटा-नाणी विकत घेऊ म्हणून आपलं नाव वापरून लोकांकडून 'कमिशन' उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये द्यावा लागला होता. "माझ्या दुकानात म्हातारी माणसं पुरचुंडी घेऊन येतात," भाऊ म्हणाले. "मोबाइलनं लाख सांगितले असतात त्यांले. त्यांच्या तोंडाकडे पाहून खरं सांगाची हिंमत होत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या पहाटेच गोरेवाड्याच्या तलावावर जाऊन आलेल्या, गळ्यात अजून दुर्बीण होती. या वादात सगळ्यात मोलाचं जर कोणी काही बोललं असेल तर त्याच, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

ताई ई-बर्डवर यादी भरतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. ॲप फुकट आहे आणि त्यात पक्ष्यांची नावं मराठीतही लावून घेता येतात. फिरायला लागलं की यादी सुरू करायची. किती वेळ चाललो, किती अंतर गेलो हे ॲप मोजतं. दिसलेला किंवा ऐकू आलेला पक्षी आणि त्याची संख्या आपण टाकायची. शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का?

"त्या एका प्रश्नात सगळं आहे," ताई म्हणाल्या. "मी फक्त नवरंग दिसला म्हणून लिहिलं आणि कावळा, साळुंकी सोडून दिली, तर ती माझी हौस झाली. पण सगळं लिहिलं, तर जे लिहिलं नाही ते तिथे दिसलं नव्हतं, हेही त्या यादीतून कळतं. पक्षी कमी होतोय हे कशावरून ठरवणार? जिथे तो असायला हवा आणि लोक शोधून आले तरी दिसला नाही, अशा याद्यांवरूनच ना?"

पोट्ट्याला हे नवीन होतं. मलाही ते इतक्या नेमकेपणानं कधी कोणी सांगितलं नव्हतं. ताईंनी पुढचं सांगितलं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ मध्ये आला, तो ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला आणि १७८ प्रजातींच्या संवर्धनाला तातडीनं प्राधान्य द्यायला हवं असं निघालं. शास्त्रज्ञ तर मूठभर. हे काम सकाळी डबा करून, ऑफिसला जायच्या आधी तळ्यावर जाणाऱ्या लोकांनी केलंय.

"आपला नीलकंठ घ्या," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ म्हणून आपल्याकडे लोक शेताशेतानं हिंडतात. तारेवर बसलेला हमखास दिसायचा. त्या अहवालात त्याची घट इतकी दिसली की धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीतला त्याचा दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारस झाली. आणि उलटही आहे. चिमण्या संपल्या असं आपण सगळे म्हणतो, पण २०२० च्या अहवालात देशभरात त्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर निघाली. मोठ्या शहरांत मात्र घटलेली. नोंद नसती तर दोन्हीकडे आपण फक्त आठवणीवर भांडलो असतो."

मास्तर थोडे सरकून बसले. "हे वेगळं आहे," ते म्हणाले. "हे तुमचं एकट्याचं राहत नाही."

"पण सुरू एकटीच्या हौसेनंच झालं ना, मास्तर."

त्यांच्या जगातले दोष ताईंनी लपवले नाहीत. आपली यादी दुसऱ्यापेक्षा लांब व्हावी म्हणून धावणारे लोक त्यांनी पाहिलेत. दुर्मीळ पक्षी आला की गाड्या घेऊन जमतात, घरट्याच्या अगदी तोंडाशी कॅमेरे लावतात. म्हणूनच संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा ई-बर्ड इतरांना दाखवत नाही. सगळ्याच प्राणी-वनस्पतींच्या नोंदी घेणाऱ्या आयनॅचरलिस्टवरही धोक्यातल्या जिवांचं ठिकाण मुद्दाम धूसर केलं जातं. पोट्टा म्हणाला, आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन आहे की, मग इतका अभ्यास कशाला? त्यावर ताई कडक झाल्या. मर्लिननं नाव सुचवलं म्हणून यादीत टाकायचं नाही. ते नाव घेऊन झाडाकडे पाहायचं, पुन्हा ऐकायचं, स्वतःची खात्री पटली तरच लिहायचं. "ॲपनं सांगितलं ते ॲपला दिसलं. तुला काय दिसलं?"

हाच प्रश्न मला सगळ्या नोंदींना लावावासा वाटतो. पुस्तकांना तर नक्कीच.

माझा छंद दिवाळी अंकांचा. १९०९ पासूनची ही आपली परंपरा. माझ्याकडे फार जुनं काही नाही, पण सीताबर्डीच्या फुटपाथवरून, रद्दीवाल्यांकडून, नातेवाइकांच्या माळ्यावरून बरंच आलंय. ते ॲपमध्ये घालायला बसलो की पहिलाच रस्ता बंद असतो, कारण ही ॲप मागच्या कव्हरवरचा बारकोड मागतात. जुन्या मराठी पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे त्या बारकोडातला पुस्तकाचा क्रमांक, नसतो, दिवाळी अंकाला तर असायचं कारणच नाही. मग नाव टाइप करायचं. एकच मराठी पुस्तक तीन स्पेलिंगांनी इंग्रजी लिपीत सापडतं, एकदा देवनागरीत, आणि प्रत्येकाखाली चार-चार वाचक विखुरलेले.

पोट्टा लगेच म्हणाला, "मग तुम्ही भरा ना काका! ओपन लायब्ररीत कोणीही पुस्तकाची नोंद टाकू शकते. लेटरबॉक्सडवर सिनेमा नसला तर त्याची माहिती जिथून येते त्या टीएमडीबीवर जाऊन टाकता येते. मी दोन मराठी सिनेमे टाकलेत असे."

हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. मराठी तिथे नाही म्हणून कुरकुर करणारे आपण भरपूर. हा पोरगा गुपचूप टाकून मोकळा झाला.

मग ताऱ्यांवरून खरी जुंपली. मास्तरांनी विचारलं, "तीन तारे म्हणजे काय? मला आवडलं नाही, की आवडलं पण कंटाळलो, की माझा त्या दिवशी मूड नव्हता?"

"तीन म्हणजे ठीक हाये."

"गुडरीड्सवर अर्धा तारा नाही, लेटरबॉक्सडवर आहे. म्हणजे तुझं मत पुस्तकाला पाच पायऱ्यांचं आणि सिनेमाला दहा. हे कोणी ठरवलं? तू?"

पोट्टा निरुत्तर झाला नाही. त्याचं म्हणणं, हजारो लोकांचे तारे एकत्र आले की अनोळखी पुस्तक निवडताना मदत होते, आणि मित्राने चार तारे दिलेलं पुस्तक त्यानं दोनदा तरी त्याच भरवशावर घेतलंय. भाऊ त्याच्या बाजूनं. मी मास्तरांच्या. तारे दुसऱ्याच्या उपयोगाचे असतील, पण दहा वर्षांनी स्वतःला ते काहीच सांगत नाहीत. 'आईच्या आजारपणात, मेडिकलच्या वॉर्डाबाहेर वाचलं. शेवटची पन्नास पानं पुन्हा वाचायची' अशी एक ओळ लिहिली असेल, तर ती नोंद माझी. म्हणून माझं ठाम मत आहे : तारे द्यायचे तर द्या, पण शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. आणि तो मराठीत लिहा, आपण जसं बोलतो तसा.

भाऊंची वही या बाबतीत कुठल्याही ॲपच्या पुढे आहे. नाणं कोणाकडून आलं, कधी, काय दिलं, वजन किती, आणि बरेचदा एखादी गोष्ट : अमक्या आजीनं नातवाच्या फीसाठी विकलं, परत मागायला आली तर द्यायचं. न्युमिस्टात टिपण लिहायला जागा आहे, पण भाऊंनी तिथं असलं कधी लिहिलं नाही, आणि लिहूही नये. कोणाच्या घरी काय आहे आणि ते कुठून आलं, हे सगळ्या जगाला दिसेल असं ठेवण्यात धोका आहे. संग्रह खासगी ठेवायची सोय असेल तर ती आधी लावावी, आणि घरात काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती जात असेल तर तीही बंद करावी.

आणखी एक गोष्ट ताईंनी काढली, ती सगळ्यांनीच ऐकावी. ॲप आज आहे, उद्या नसेल. गूगल प्लस हे समाजमाध्यम २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा तिथल्या छंदगटांचं वर्षानुवर्षांचं लिखाण लोकांना घाईघाईनं उतरवून घ्यावं लागलं. ज्यांना कळलं नाही त्यांचं गेलं. गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये ॲमेझॉननं घेतलं. मालक बदलला की नियम बदलू शकतात. बहुतेक चांगल्या ॲपमध्ये आपली सगळी यादी फाइल म्हणून उतरवता येते. गुडरीड्स, लेटरबॉक्सड, ई-बर्ड, तिन्हींत ती सोय आहे. "नवीन ॲप घेतलं की मी आधी तेच पाहते," ताई म्हणाल्या. "यादी बाहेर काढता येत नसेल तर आत टाकतच नाही."

पोट्ट्यानं तिथेच बसून आपली पुस्तकांची फाइल उतरवली. उघडून पाहिली तर शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. त्यानं ती मास्तरांना दाखवली. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त एका नावावर बोट ठेवून विचारलं, "हे कसं होतं?" आणि पोट्टा पाच मिनिटं बोलत राहिला.

मास्तरांचं मत बदललेलं नाही. वाचनाची यादी ते आजही ठेवणार नाहीत. पण पुढच्या रविवारी भाऊ वही आणणार आहेत आणि पोट्टा तिची पानं स्कॅन करून एक साधी तक्ता-फाइल करून देणार आहे, जी कोणत्याही ॲपशिवाय उघडेल. रकाने कोणते असावेत यावर उठताना पुन्हा वाद झाला. भाऊंना टांकसाळ आधी हवी, ताईंना तारीख. मास्तर म्हणाले, पहिला रकाना 'कोणाकडून आलं' हाच पाहिजे.