सोवळ्यातलं बेंच

आमच्या लॅबमध्ये एक बेंच कायम सोवळ्यात असतं. त्याच्या पिपेट वेगळ्या, टिप्सचे डबे वेगळे, पाणीसुद्धा वेगळं. एकदा मामा फडकं घेऊन तिकडे वळले तशी मी जवळजवळ किंचाळलेच.

"मामा, त्याला हात नका लावू!"

"अहो, सकाळीच स्वच्छ पुसलंय मी."

झालं! म्हणजे आता सगळं पहिल्यापासून.

शिवाशिव असते ती आरएनेजची. मी काम करते आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या नाजूक भावंडावर. ते कापणारी ही एन्झाइम (रासायनिक काम उरकणारी प्रथिनं) घामात, लाळेत, अश्रूंत, सगळीकडे असतात. कातडीवरचं आरएनेज ७ तर जंतूही मारतं. म्हणजे माझ्या संरक्षणासाठी नेमलेला शिपाई माझाच प्रयोग उधळून लावतो. पीएचडीच्या नावाने रडायचं झालं तरी या बेंचपासून लांब जाऊन रडावं लागतं.

उकळून मारावं म्हटलं, तर तेही जमत नाही. गायीच्या स्वादुपिंडातलं आरएनेज ए म्हणजे अवघ्या १२४ अमिनो आम्लांच्या मण्यांची चिमुकली माळ, पण चार डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी पक्की आवळलेली. तापवलं की विस्कटतं, गार झालं की पुन्हा जसंच्या तसं. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हलाही ते फारशी भीक घालत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी युरिया वगैरे घालून त्याची घडी मोडली, बंधही तोडले. रसायनं काढून घेतल्यावर पठ्ठ्याने आपली आपण अचूक घडी घातली! प्रथिनाचा आकार अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेला असतो, हे त्यातून कळलं. १९७२चं रसायनशास्त्राचं नोबेल अँफिन्सेन, मूर आणि स्टाइन या तिघांना मिळालं, आणि तिघांचंही काम याच एन्झाइमवरचं. आमच्या वाट्याला नुसता मनस्ताप.

त्याची कापायची तऱ्हाही बेरकी आहे. १२ आणि ११९ क्रमांकांवर हिस्टिडीन नावाची दोन अमिनो आम्लं बसलेली. एक जण आरएनएच्या साखळीतल्या साखरेवरच्या हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) प्रोटॉन काढून घेतो. मोकळा झालेला ऑक्सिजन शेजारच्याच फॉस्फेटवर चालून जातो. दुसरा तुटणाऱ्या टोकाला प्रोटॉन देऊन निरोप देतो. धातूचा आयन वगैरे काही लागत नाही, त्यामुळे धातूचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए घालूनही उपयोग शून्य. डीएनएच्या साखरेवर ते हायड्रॉक्सिलच नसतं, म्हणून डीएनएवाले वडापाव खाऊन येतात आणि निवांत कामाला लागतात. मला त्यांचा राग येतो.

गायीला हे एवढं लागतं कशाला? रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात जिवाणूंची फौज असते. तिच्या आरएनएतला नायट्रोजन आणि फॉस्फरस वसूल करायला, असं मानतात. पेशीच्या आत मात्र आरएनए कापणारी दुसरी एन्झाइम गुणी असतात. आरएनेज पी टीआरएनएचं (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या आरएनएचं) टोक नीट छाटतं, डायसर दुहेरी आरएनएचे साधारण २२ अक्षरांचे तुकडे पाडतं. शिवाय चुकून आत शिरलेल्या आरएनेजला घट्ट मिठी मारून गप्प बसवणारं घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रथिन पेशी स्वतःच बाळगते. आम्ही ते विकत घेतो. इवल्याशा ट्यूबची किंमत बघून माझ्या गाइड मॅडम सहीच करत नाहीत.

एवढं करून आरएनए जेलवर पळवलं की रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन ठसठशीत पट्टे दिसावेत, ही अपेक्षा. परवा दिसला तो खालपर्यंत ओघळलेला धुरकट डाग, म्हणजे आरएनएचे तुकडे तुकडे. मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ट्यूब उघडी ठेवून बोलत होतीस का गं?"

पुढचे नमुने समोर बर्फात उघडेच होते. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तशा त्या ओरडल्या, "आधी मास्क लाव!"