पतंग तगला, मग उंदीर का नाही?

‘इंग्लंडच्या पतंगाने धुराच्या काळात रंग बदलून जीव वाचवला. हवामान बदललं की प्राणीही बदलतात. ज्यांना जमत नाही ते जातात, त्यात माणसाचा काय दोष?’ अशा आशयाचा मजकूर सध्या ग्रुपमागून ग्रुप फिरतोय, सोबत ऑस्ट्रेलियातल्या, आता नामशेष झालेल्या ब्रॅम्बल के मेलोमिस या उंदराचा फोटो. वाचून जीव तुटतो, कारण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

पहिलं म्हणजे पतंगाने रंग बदललाच नाही. या पतंगाचे, म्हणजे पेपर्ड मॉथचे, पंख पांढरे, त्यांवर भरड मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. दगडफुलाने मढलेल्या खोडावर बसला की तो शोधून सापडत नाही. गिरण्यांच्या काजळीने मँचेस्टरकडची खोडं काळवंडली, तेव्हा पक्ष्यांनी पांढरे टिपून खाल्ले आणि अंगचेच काळे असलेले थोडे वाचले. वंश त्यांचा वाढला. १८४८ मध्ये तिथे काळ्या पतंगाची नोंद झाली; १८९५ पर्यंत शंभरातले ९८ काळे होते.

हे जमायला मुळात संख्या लागते. हा पतंग युरोप-आशियात दूरवर पसरलेला, मादी शेकड्यांनी अंडी घालते. मेलोमिस जगात एकाच ठिकाणी होता: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या चार-पाच हेक्टरांच्या, जेमतेम तीन मीटर उंचीच्या बेटावर. १९९८ मध्ये अंदाजे ९३ उरले होते.

शिवाय काजळी आणि समुद्र यांची बरोबरी होतच नाही. काजळीने पतंगाचं अन्न संपवलं नव्हतं. इथे वाढत्या समुद्राचं खारं पाणी वारंवार बेटावर चढलं आणि झाडोरा जळाला. त्यात आपण भाजी करतो ती घोळही होती, उंदराचं खाणं. २००४ मध्ये २.१६ हेक्टर असलेली हिरवळ २०१४ मध्ये साडेसहा गुंठ्यांवर आली. अशा वेळी काळा काय नि पांढरा काय, उंदराने खायचं काय?

आणि माणसाचा दोष? इंग्लंडात १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, धूर घटला, तसे पांढरे पतंग परतले. म्हणजे तिथेही माणसाने हात आवरला तेव्हाच गाडी रुळावर आली. समुद्र वाढतोय तोही माणसाने हवामान तापवल्यामुळेच. मेलोमिससाठी मात्र २००८ मध्ये संवर्धनाचा आराखडा कागदावर आला. २००९ मध्ये एका मच्छीमाराला हा उंदीर शेवटचा दिसला. २०१४ मध्ये संशोधकांनी बेटभर सापळे आणि कॅमेरे लावले, एकही उंदीर मिळाला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.