हिरवा ठिपका आहे, म्हणून बाळाला चालेल?

नव्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘बाळाच्या खाऊची मागची बारीक अक्षरं वाचत बसू नका. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) शिक्का, हिरवा ठिपका आणि पुढे "रिफाइंड साखर नाही" एवढं दिसलं की बिनधास्त द्या. आयएनएस नंबर (रंग, टिकाऊपणा वगैरेंसाठी घातलेल्या पदार्थाचा सांकेतिक आकडा) दिसला तर मात्र पाकीट परत ठेवा.’

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, बस. तो लिमलेटच्या गोळ्यांवरही असतो.

शिक्क्याखालचा चौदा आकडी क्रमांक परवान्याचा. उत्पादकाकडे परवाना आहे, एवढंच त्यातून कळतं. आठ महिन्यांच्या बाळाला हा खाऊ योग्य की नाही, हे तो सांगत नाही. एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं भारतातलं नेस्लेचं सेरेलॅक तपासलं, तेव्हा एका वेळच्या खाऊत सरासरी 2.7 ग्रॅम वरून घातलेली साखर निघाली. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हीच कंपनी असाच खाऊ साखर न घालता विकत होती. आपल्याकडच्या पाकिटांवर शिक्का होताच, कारण आपला नियम बाळाच्या खाऊत ठरावीक मर्यादेत साखर चालवून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं मात्र 2019 मध्येच तीन वर्षांखालच्या मुलांच्या तयार खाऊत वरून साखर नको असं सुचवलं होतं.

आता ‘रिफाइंड साखर नाही’. यातला ‘रिफाइंड’ हा शब्द नीट बघा. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजुराचं सिरप घातलं तरी हे वाक्य खरंच राहतं, आणि बाळाच्या जिभेला गोडाची सवय लागायची ती लागतेच. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ स्टार्चपासून बनवलेली पूड, हा आणखी एक चोरवाटेचा पाहुणा: पोषणाच्या तक्त्यात साखर म्हणून मोजला जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं झटपट ग्लुकोज होतं. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नका. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळण्यानंही मरत नाहीत.

म्हणून मागची यादी वाचायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ग्लुकोज बिस्किटाचा पुडा उलटा केलात तर मैद्याच्या पाठोपाठ साखर दिसेल. पण साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन असं गोड तीन नावांत वाटलं की प्रत्येक नाव खाली सरकतं, तेव्हा तिन्ही एकत्र धरा. शिवाय पोषणाच्या तक्त्यात ‘अ‍ॅडेड शुगर्स’ची वेगळी ओळ असते, तीही बघा.

आयएनएस नंबरांना सरसकट घाबरायचं कारण नाही. 300 म्हणजे क जीवनसत्त्व, 322 म्हणजे लेसिथिन, तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. 102 हा पिवळा कृत्रिम रंग. तो दिसला तर पाकीट खुशाल परत ठेवा.

अक्षरं फार बारीक असतात, ही त्या मेसेजमधली तक्रार रास्त आहे. दुकानातच फोननं फोटो काढा आणि मोठा करून वाचा.